वाढदिवसाच्या रकान्यातली तारीख

रक्तपेढीत त्यांना सगळे डायरीताई म्हणत. शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, तिथंच राहिलं. डाव्या हातात ती करडी, तळहाताएवढी डिजिटल डायरी आणि उजव्या हातात टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर, अशा अवस्थेत लोकांनी त्यांना बारा वर्षं पाहिलं होतं. जेवतानासुद्धा डायरी डब्याच्या झाकणाला टेकवून उभी असायची.

त्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं. रक्त कमी पडलं की माणसं बोलवायची. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा! समोरचा माणूस जेवायला बसलेला असतो, नाहीतर साहेबाशी वाजलेलं असतं, नाहीतर चांगला झोपलेला असतो. त्याला फोन करून म्हणायचं, उठा, या, आडवे व्हा आणि बाटलीभर रक्त द्या. कोणाला काय बोललं की तो उठतो आणि काय बोललं की फोन आपटतो, हे माहीत असावं लागतं. ताईंच्या डायरीत तीनशे बारा नावं होती आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी. ‘सुई दिसू देऊ नये.’ ‘साहेबांना आपण फोन करावा, मग सोडतात.’ ‘निवडणुकीचा विषय काढू नये, अर्धा तास जातो.’ ‘घरी सांगू नये.’

याशिवाय एक तारीख. शेवटचं रक्त कधी दिलं, ती. एकदा दिलं की तीन महिने पुन्हा घ्यायचं नाही, हा नियम. आणि हा नियम ताई डोळ्यांत तेल घालून पाळत, त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका पोस्टमनच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. “सहा महिने झाले,” तो हसत म्हणाला होता. झाले होते पाच आठवडे. रक्त देऊन तो जिन्यापर्यंत नीट चालत गेला आणि तिथून थेट खालच्या पायरीवर तोंडावर पडला. चार दात गेले. तेव्हापासून ताईंनी कानाला खडा लावला. दात्याला तारीख विचारायची नाही, आपल्या नोंदीत बघायची. कारण माणूस जितका भला, तितका तो या बाबतीत बेधडक खोटं बोलतो.

आता डायरी बनवणाऱ्या कंपनीला काही रक्तपेढी ठाऊक नव्हती. तिच्यात रकाने होते ते नाव, पत्ता, फोन, टीप आणि वाढदिवस एवढेच. तारीख घालता येईल असा रकाना एकच, वाढदिवसाचा. ताईंनी तोच वापरला. त्यामुळे त्यांच्या डायरीत कोणीही खऱ्या दिवशी जन्मलेलं नव्हतं, आणि दर तीन-चार महिन्यांनी सगळ्यांचा नव्यानं जन्म होत होता. पेढीतल्या लोकांना यात काहीच वावगं वाटत नसे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, “वाढदिवस म्हणजे रक्ताची तारीख बरं का.” हे एकदा अंगवळणी पडलं की पडलं.

त्यात यजमान निवृत्त झाले. ताईंचे यजमान शाळेच्या प्रयोगशाळेत होते. बत्तीस वर्षं परीक्षानळ्या धुतलेला माणूस घरी बसला आणि त्यानं घरातल्या यंत्रांकडे मोर्चा वळवला. फेब्रुवारीच्या शेवटी ते एक नवा फोन घेऊन आले. हातात मावेल न मावेल एवढा, रंगीत पडद्याचा, पडद्यावर टोचायला एक काडी.

“अगं, पर्समध्ये दोन दोन यंत्रं कशाला वागवायची?” ते म्हणाले. “याच्यातच डायरी आहे. स्मार्टफोन म्हणतात याला.”

“माझी डायरी दोन सेलवर वर्ष काढते. याला रोज जेवायला घालावं लागणार.”

“मी घालीन ना! तुला काय त्रास आहे?”

रविवारी दोघं संगणकाच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक वायर इकडे लावली, एक तिकडे, आणि वीस मिनिटांत तीनशे बारा नावं या घरातून त्या घरात राहायला गेली. ताईंनी तिथंच उभं राहून दहा नावं उघडून पाहिली. फोन नंबर बरोबर, टिपा बरोबर, तारखाही जागच्या जागी. काहीतरी चुकेल आणि आपलं म्हणणं खरं ठरेल असं वाटलं होतं, तसं काही झालंच नाही, याचं त्यांना मनातून वाईटही वाटलं.

सोमवारी सकाळी फोन टेबलावरच गाणं म्हणायला लागला. पडद्यावर केक आणि मेणबत्त्या. खाली दोघांची नावं, आज यांचा वाढदिवस. सगळी पेढी हसली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, “वर्षापूर्वी रक्त दिलं त्याचा आज केक!” ताईही हसल्या. या केकात काय दडलंय, ते तेव्हा कोणाच्याही डोक्यात आलं नाही. वाढदिवसाला वर्षाची गरज नसते, तो दर वर्षी येतो. दुकानदाराच्या यंत्रानं तीनशे बारा तारखांची वर्षं तेवढी अनावश्यक म्हणून गाळून टाकली होती.

हे ताईंना कळलं ते मंगळवारी, तीन मार्चला, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी.

एक वाजून पाच मिनिटांनी प्रसूतिकक्षातून फोन आला होता. सकाळी बाळंत झालेल्या बाईचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह. शंभरात जेमतेम एक-दोघांचा असतो आणि या लोकांना दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही. पाच वाजेपर्यंत चार पिशव्या हव्या होत्या. पेढीत होत्या दोन. शेजारच्या दोन पेढ्यांत विचारलं, तिथं खडखडाट. घेतलेल्या रक्ताच्या तपासण्या आणि जुळणी करायला दीड तास लागतो, म्हणजे दोन दाते सव्वातीनपर्यंत खाटेवर आडवे व्हायला हवेत.

ताईंच्या यादीत या गटाची अकरा नावं होती. त्यांनी सवयीनं नवा फोन डाव्या हातात धरला आणि टेबलावरच्या फोनवरून एकेक नंबर फिरवायला सुरुवात केली. घाई अशी, की आधी होकार मिळवायचा, तारीख मग बघायची. तिघं गावाला. एकीला सातवा महिना. एकाला ताप. दोघांचे फोन वाजून वाजून थांबले. एकाच्या कारखान्यातल्या बाईनं तो नोकरी सोडून गेल्याचं सांगितलं. एक मात्र रागावला, “परवाच तर बोलावलं होतंत तुम्ही,” म्हणाला, आणि ते खरंच होतं, पेढीच्याच रजिस्टरात त्याची जानेवारीची नोंद निघाली. दहावी शिवणाच्या वर्गाची बाई. तिनं हातातली कात्री खाली ठेवली आणि अर्ध्या तासात हजर. तिची नोंद रजिस्टरात होती, पाच महिन्यांपूर्वीची. तिला आडवं केलं.

राहिलं एक नाव. बेकरीतला भट्टीवाला.

हा माणूस म्हणजे ताईंचा हुकमी एक्का. अकरा वर्षांत त्यानं एकदाही कारण सांगितलं नव्हतं. मध्ये वर्षभर मात्र “सध्या जमणार नाही ताई” म्हणाला होता, का ते सांगितलं नव्हतं. आज फोन केल्या केल्या म्हणाला, “निघालो.” ताईंचा जीव भांड्यात पडला. रिसीव्हर खाली ठेवून त्यांनी तारीख पाहिली.

अठरा जानेवारी.

त्यांनी काडीनं खाली सरकवून पाहिलं, वर सरकवून पाहिलं. अठरा जानेवारी, आणि पुढे एक आडवी रेघ. कुठली जानेवारी? सहा आठवड्यांपूर्वीची, की गेल्या वर्षीची? त्यांनी दुसरं नाव उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे तीच रेघ.

रजिस्टर काढलं. भट्टीवाल्याची पेढीतली शेवटची नोंद दीड वर्षापूर्वीची. त्यानंतर दोन जानेवारी येऊन गेल्या होत्या. म्हणजे हे रक्त त्यानं बाहेर कुठल्यातरी शिबिरात दिलेलं आणि फोन करून कळवलेलं. दाते असं कळवत, आणि बाहेरच्या नोंदीही ठेवणारी अशी एकच डायरी शहरात होती, याचा ताईंना केवढा अभिमान! पण ह्या जानेवारीत त्या पंधरा दिवस रजेवर होत्या. यजमानांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तेव्हा डायरी सांभाळणारी तंत्रज्ञ मुलगी नोकरी सोडून परदेशी गेली होती. आणि गेल्या वर्षीच्या जानेवारीतलं ताईंना काही म्हणजे काही आठवेना. बारा वर्षं त्यांनी आठवायचं काम त्या करड्या यंत्रावर सोपवलं होतं, आता डोक्याला कुठली आठवायची सवय!

त्यांनी घरी फोन लावला.

“माझी डायरी कपाटात आहे ना? तशीच घेऊन या. टॅक्सी करा.”

पलीकडे रेडिओचा आवाज तेवढा येत होता.

“अहो, ऐकताय ना?”

“अगं... तिचे सेल मी रेडिओत घातले.”

सेल बदलायचे म्हणजे ताई दर वर्षी श्वास रोखून बदलत, एक काढला की लगेच एक घालत, दुसरा मग. दोन्ही एकदम काढले तर आतलं सगळं पुसलं जातं, हे यजमानांना ठाऊक नव्हतं असंही नाही.

“कधी?”

“कालच सकाळी. आता फोन आहे म्हणून... पण आत एक छोटा सेल असतो गं, तो धरून ठेवतो म्हणे. मी येतो. आत्ता येतो.”

पावणेतीनला भट्टीवाला आला. उंच माणूस, भुवया धगीनं विरळ झालेल्या, सदऱ्यावर पीठ. आल्या आल्या बाही वर करून खुर्चीत बसला.

“दादा, मागच्या वेळी कधी दिलं होतंत?” ताईंनी कितीतरी वर्षांनी हा प्रश्न विचारला.

“झालं की वर्ष.”

“नक्की?”

“त्याहून जास्तच झालं असेल. ताई, बाळंतीण आहे ना? चला लवकर.”

तो हसत होता. त्या पोस्टमनचं हसू असंच होतं.

पेढीतल्या तंत्रज्ञ मुलानं त्याच्या बोटाला टोचून थेंब घेतला आणि निळ्या पाण्याच्या नळीत सोडला. अंगात रक्त पुरेसं असेल तर थेंब सरळ तळाला जातो. हा थेंब मध्यावर थांबला. लटकला. ताई आकडे मोजत राहिल्या. बाराव्या आकड्याला तो हलला आणि चौदाव्याला तळाशी गेला. पंधराची मर्यादा असते.

“पास,” मोठ्या मॅडम म्हणाल्या. “रजिस्टरात दीड वर्षाची नोंद आहे, थेंब बुडालाय, माणूस तयार आहे. घ्या त्याला.”

“मॅडम, सहा आठवडेच झाले असतील तर?”

“असतील तर! वर ती बाई संपत चाललीये, तिचं काय? तीन वाजलेत ताई.”

मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांचं म्हणणं चूक म्हणता येत नव्हतं, हेच तर अवघड होतं. ताईंनी पाच मिनिटं मागून घेतली आणि तेवढ्यात यजमान धापा टाकत दारात आले. डायरी त्यांनी छातीशी धरली होती. सेल घातलेले होते. ताईंनी झाकण उघडलं, बटण दाबलं. पडदा उजळला. एक जानेवारी, बारा वाजून शून्य मिनिटं. नावं, शून्य. आतला छोटा सेल कधीच संपून गेलेला होता आणि तो बदलायचा असतो, हे दोघांच्याही गावी नव्हतं.

यजमान भिंतीजवळच्या बाकावर बसले. ताई त्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. रागवायलासुद्धा वेळ लागतो आणि तो नव्हता.

त्यांनी पुन्हा फोन उघडला. भट्टीवाल्याच्या नावाखाली दोन नंबर होते, एक बेकरीचा, एक घरचा. आणि टीप. ‘घरी सांगू नये. कधीच.’ हे शब्द त्याचे होते. पहिल्या वेळी रक्त दिल्यावर त्याला भोवळ आली होती आणि बायकोला कळलं तर पुन्हा येऊ देणार नाही, म्हणून त्यानं ताईंकडून वचन घेतलं होतं. घरचा नंबर दिला होता तो फक्त इथं काही बरंवाईट झालं तर, म्हणून. वचन मोडणं ताईंच्या रक्तात नव्हतं. या शहरात अनोळखी माणसं त्यांच्या एका फोनवर दंड पुढे करत ती याच भरवशावर. तो भरवसा गेला तर यादीत नुसते नंबर उरतील, हे त्यांना लख्ख समजत होतं.

पण या फोनला माहीत नसलेलं वर्ष भट्टीवाल्याखेरीज जगात आणखी एकाच माणसाला माहीत असू शकत होतं. त्यांनी घरचा नंबर फिरवला.

“हॅलो, वहिनी, मी रक्तपेढीतून बोलतेय. घाबरू नका, दादा ठीक आहेत.”

मागं नळ चालू होता. तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

“आज परत आलेत का तिथं?” बाईंचा आवाज शांत होता.

“परत म्हणजे?”

“परत म्हणजे परत. आत्ता जानेवारीत तर दिलं होतं.”

“वहिनी, तुम्हाला माहीत आहे?”

“अकरा वर्षं माहीत आहे. रक्त दिलं की त्या दिवशी डावा कोपर वाकवत नाहीत, एका हातानं बटणं काढतात. बाहीला कापूस चिकटलेला असतो. धुणं मी धुते हो.”

“ह्याच जानेवारीत? की गेल्या?”

“गेल्या जानेवारीत पायाला प्लास्टर होतं, जिना उतरता येत नव्हता. ह्याच जानेवारीत. घेऊ नका हं त्यांचं. परवा भट्टीसमोर डोकं धरून बसून राहिले होते, त्यांच्या जोडीदारानं सांगितलं मला. तिथं तोल गेला तर काय होईल?”

चौदाव्या आकड्यापर्यंत लटकलेला तो थेंब ताईंच्या डोळ्यांसमोरून जाईना.

“नाही घेत,” त्या म्हणाल्या. “तुमचे उपकार झाले.” रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात पलीकडून प्रश्न आला.

“लागतंय कोणाला?”

“सकाळी बाळंत झाली ती. एक पिशवी कमी पडतेय.”

पलीकडे वहिनींनी बादली बाजूला सरकवल्याचं ऐकू आलं.

“मग मी येऊ का?”

“वहिनी, गट तोच लागतो. फार थोड्यांचा असतो.”

“अहो, माझाच तर तो गट आहे. मोठ्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणात माझा निघाला, म्हणून डॉक्टरांनी ह्यांचाही तपासायला लावला. तेव्हा कुठे ह्यांना ह्यांचा कळला. मला कधी कोणी विचारलंच नाही.”

ताई खुर्चीत बसल्या. अकरा वर्षांत या गटासाठी त्यांनी किती दुपारी अशा काढल्या होत्या! किती जणांना दुसऱ्या शहरांतून बोलावलं होतं. दोन वेळा तर कोणीच मिळालं नव्हतं, आणि त्या दोन्ही वेळी काय झालं होतं, ते त्यांना कुठल्याही डायरीवाचून आठवत होतं. आणि ही बाई सगळा वेळ दहा मिनिटांच्या अंतरावर धुणं धूत होती.

“या,” त्या म्हणाल्या. “लगेच या.”

मग त्या आत भट्टीवाल्यासमोर गेल्या आणि त्याची वर केलेली बाही त्यांनी स्वतःच्या हातानं खाली केली.

“दादा, सहाच आठवडे झालेत. मी घरी फोन केला.”

त्याचा चेहरा एकदम उतरला. मग लाल झाला.

“तुम्ही शब्द दिला होतात ताई.”

“दिला होता. मोडला.”

“ती बाई मेली तर ते कोणाच्या नावावर? आणि आता मला घरी जे ऐकावं लागेल ते...” तो उठला. “माझं नाव काढून टाका तुमच्या त्या यंत्रातून.”

तो दाराबाहेर गेला, दहा मिनिटं तिथंच धुमसत येरझारा घालत राहिला आणि एकदम थांबला. बायको समोरून येत होती. घरातल्याच चपला, पदर कसाबसा खोचलेला, घाईनं. तिनं नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं, तो उभा आहे, धड आहे, एवढी खात्री करून घेतली आणि त्याच्या बाजूनं आत आली. बोट पुढे केलं. तिचा थेंब निळ्या पाण्यात पडला तो सरळ तळाला गेला. तीन वाजून सोळा मिनिटांनी ती खाटेवर आडवी झाली.

भट्टीवाला खाटेशेजारी स्टुलावर येऊन बसला. बराच वेळ तो तिच्या दंडाकडेच बघत होता.

“तुला कधीपासून ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही इतकं जपून लपवत होतात. म्हटलं, असू दे,” ती म्हणाली. मग छताकडे बघत हळूच म्हणाली, “पण मलाही यायचं होतं हो.”

त्यानं तिचा दुसरा हात हातात घेतला. ताई पाठ फिरवून उगीचच बरण्या सारख्या करत राहिल्या. त्यांना लाज वाटत होती. शब्द मोडल्याची थोडी, आणि इतकी वर्षं तो इतका चोख पाळल्याची जास्त.

पाचच्या ठोक्याला चौथी पिशवी वर गेली. साडेसहाला प्रसूतिकक्षातून फोन आला, रक्त थांबलंय, बाई बोलतेय, बाळाला मागतेय. मोठ्या मॅडमनी फोन ठेवला आणि ताईंच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. भट्टीवाला बायकोला सांभाळून नेत जिना उतरून गेला होता. जाताना नाव काढण्याबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही.

यजमान अजून बाकावरच होते, मांडीवर रिकामी डायरी घेऊन.

“फोन परत करून टाकू का?” त्यांनी विचारलं.

“राहू दे. उद्या मला त्याच्यात वर्षं भरायची आहेत. तीनशे बारा. रजिस्टरात असतील ती बघून, नसतील ती घरोघर फोन करून,” ताई म्हणाल्या. “आणि तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवायचंत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता दोघं टेबलाशी बसले. ताईंनी ओ निगेटिव्हची यादी उघडली आणि पहिल्यांदा तारखांकडे न बघता टिपांकडे पाहिलं. अकरापैकी चौघांच्या नावाखाली तीच ओळ होती. घरी सांगू नये. लिहिताना त्या त्या वेळी ती ओळ किती समजूतदार वाटली होती!

भट्टीवाला सोडून पहिला नंबर कुलूप दुरुस्त करणाऱ्याचा होता, काल वाजून वाजून थांबलेल्या दोघांतला एक. त्यानं फोन उचलला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, “बोला ताई, कधी येऊ?”

“येऊ नका. एक विचारायचंय. घरात अजून कोणाचा हा गट आहे का?”

“धाकट्या बहिणीचा आहे,” तो म्हणाला. “का हो?”